पोळ्याच्या ओट्यावर मोबाईलची परीक्षा

श्रावण सरत आला, की वऱ्हाडच्या काळ्या रानाला एक निराळीच कळा येते. सोयाबीनला शेंगा धरू लागलेल्या असतात, कपाशी पात्या-फुलांवर असते, ओळींमधून पेरलेली तूर हळूहळू डोके वर काढीत असते. आणि डवरणीचे फेर आटोपल्यामुळे बैलांच्या मानेवरचे जू चार दिवस तरी खाली उतरलेले असते. अमावास्येच्या आदल्या सायंकाळी खांदमळणी होते. ऊन पाण्याने खांदे शेकायचे, त्यांवर हळद नि तूप चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलांच्या कानी घालायचे, हा आपल्या घराघरांतील पिढीजात शिरस्ता. जुवाने कोठे घासले आहे, कातडीखाली कोठे गाठ आली आहे, हे वर्षभर डोळ्यांना न दिसलेले त्या वेळी मळणाऱ्याच्या हाताला कळते.

गेल्या पोळ्याची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे. चिखली तालुक्यातील आमच्या गावी खांदमळणी चालू असतानाच धाकटा पुतण्या पुण्याहून येऊन दाखल झाला. तो संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने व त्याच्या तीन मित्रांनी मिळून शेतीच्या हिशेबाचे एक ॲप सिद्ध केले होते. मजुरांची हजेरी, सालदाराची उचल व खाडे, बी-बियाणे, खते व फवारणी यांचा खर्च आणि बाजार समितीतील विक्री असा सारा जमाखर्च मोबाईलवर ठेवता यावा, ही त्यामागची कल्पना. चारच दिवसांवर गणेशचतुर्थी होती. त्या मंगल दिवशी ॲप सर्वांसाठी खुले करावयाचे, असे मित्रांत ठरले होते. निमंत्रणेही गेली होती म्हणे.

"काका," तो हात धुता धुता म्हणाला, "उद्या मला पाच माणसं पाहिजेत. शिकलेली नकोत. म्हणजे, शिकलेलीच नकोत असं नाही, पण माझ्यासारखी नकोत."

पाचच का, हे मी विचारले. त्याच्या शास्त्रात याकोब निल्सन नावाचे एक डॅनिश पंडित आहेत. नवे साधन पाच माणसांच्या हाती देऊन त्यांचे निरीक्षण केले, तर त्यातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात, असे त्यांनी २००० साली मांडले. प्रत्येक माणूस साधारण एकतृतीयांश अडचणी दाखवितो आणि पुढचा माणूस बऱ्याचशा त्याच पुन्हा दाखवितो, असा त्यामागचा हिशेब. म्हणून एकदम पन्नास माणसे बसविण्यापेक्षा पाच बसवावीत, दोष दुरुस्त करावेत आणि पुन्हा नवी पाच बसवावीत, हे बरे. मात्र हे गणित एकाच जातकुळीच्या वापरणाऱ्यांना लागू पडते, हे पुतण्याने प्रामाणिकपणे सांगितले. मालक आणि मजूर, विशीतला मुलगा आणि साठीची बाई यांना एकाच पाचांत मोजून चालत नाही. तरीही वेळ थोडा होता, म्हणून पाचांवरच भागविण्याचे ठरले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल धुऊन आणल्यावर आणि शिंगे रंगविण्याआधी आमच्या ओट्यावर ही परीक्षा बसली. परीक्षा ॲपची, माणसांची नव्हे, हे पुतण्या प्रत्येकाला आधी सांगत होता. आणि तरीही प्रत्येक जण घाबरून बसत होता. आमच्या सौभाग्यवती, शेजारच्या घरच्या एक विधवा वहिनी ज्या स्वतःच दोन एकर कसतात, कृषी सेवा केंद्राचे मालक, चिखलीस महाविद्यालयात जाणारा एक मुलगा, आणि आमच्याकडे अठरा वर्षे सालदार असलेले आबा, अशी ती पाच मंडळी.

पद्धत फार साधी होती. एक काम सांगावयाचे. 'काल तीन बायका निंदणाला होत्या, त्यांची हजेरी लावा,' एवढेच. मग फोन हाती द्यावयाचा आणि गप्प बसावयाचे. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा, इतकी एकच विनंती. बोट कोठे थबकते, कपाळाला आठी कोठे पडते, माणूस मागे कोठे वळतो, ते वहीत टिपावयाचे. मदत करावयाची नाही. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण. पहिल्या दहा मिनिटांतच पुतण्याचा हात तीन वेळा पुढे गेला आणि मला तो मागे ओढावा लागला.

आपल्याकडे या कामी एक अडचण आणखी आहे, ती पाश्चात्त्य पुस्तकांत बहुधा आढळणार नाही. आपली माणसे भिडस्त. घरच्या मुलाने मोठ्या हौसेने काही केले आहे आणि सणाच्या दिवशी तो विचारतो आहे, 'आवडलं का?' यावर कोण नको म्हणेल? सौभाग्यवतींनी ॲप उघडण्याआधीच 'छान आहे हो!' असा अभिप्राय देऊन टाकला. पुढे तीन मिनिटे त्या एकाच पडद्यावर अडकून राहिल्या, तरी अभिप्राय बदलला नाही. तेव्हा तोंडाने सांगितलेले बाजूस ठेवून हाताने केलेले तेवढे पाहावे, हे मला त्या ओट्यावर समजले.

वहिनींची पाळी आली, तेव्हा ॲपने फोन नंबर मागितला. त्यांनी तो घडाघडा सांगितला. खात्री करून देणारा चार आकडी संकेत मात्र काही केल्या येईना. पाच मिनिटांनी त्यांच्याच फोनवर पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, हा कसला नंबर आलाय?" त्यांना पाठ होता तो मुलाचा नंबर. स्वतःचा नंबर त्या कधी फिरवीतच नाहीत, तर तो पाठ कसा असणार? पुण्याच्या खोलीत चार महिने बसून ही गोष्ट कोणालाही सुचली नसती.

अशी एकेक गाठ हाताला लागत गेली. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत भरावयाचे होते. वहिनींनी आपले दोन एकर म्हणून दोनचा आकडा घातला आणि क्षणात त्या पाच एकरांच्या धनीण झाल्या. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच असल्याने लहान आकड्यांत चूक दिसत नाही; एकर आणि हेक्टर यांत मात्र अडीच पटींचा फरक पडतो. ओट्यावरून अंगणात गेल्यावर उन्हात राखाडी अक्षरे दिसेनाशी झाली. मागे जाण्यासाठी काढलेला बाण कृषी केंद्राच्या मालकांना 'पुढील पान' वाटला. सौभाग्यवतींच्या फोनात नवे काही ठेवण्यास जागाच उरलेली नव्हती, कारण रोज सकाळी येणारी देवादिकांची सुप्रभातची चित्रे त्यांनी भक्तिभावाने जपून ठेवलेली. ती पुसा असे त्यांना सांगण्याचे धाडस ओट्यावरील कोणासही झाले नाही. चिखलीच्या मुलाने मात्र सारी कामे दीड मिनिटात उरकली. फक्त याच मुलावर परीक्षा घेतली असती, तर पुतण्या त्याच संध्याकाळी समाधानाने पुण्यास परतला असता.

शेवटी आबा आले. त्यांना अक्षरे जेमतेम लागतात. आकडे मात्र पक्के. पुतण्याने त्यांच्याच नावाचा मागील महिन्याचा हिशेब वहीवरून ॲपमध्ये भरून ठेवला होता. आबांनी फोन हातभर अंतरावर धरला, डोळे बारीक केले, आणि मग दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

"भाऊ, खाडे पाच काहून दावते हे? पुरे खाडे माहे दोन. बाकी तीन अर्धे व्हते."

ॲपला हजर किंवा गैरहजर एवढेच ठाऊक होते. अर्धा रोज ही वस्तूच त्याच्या जगात नव्हती. तीन वेळा आबा दुपारनंतर गेले होते, एकदा नातवाला दवाखान्यात न्यावयाचे म्हणून, दोनदा अन्य कामासाठी. ते तिन्ही अर्धे रोज पूर्ण खाड्यांत जमा होऊन त्यांच्या सालातून दीड दिवसाची मजुरी मुकाट्याने कापली गेली होती. कोणी लबाडी केली नव्हती. पुतण्याचा चेहरा उतरला. आबांनी फोन त्याच्या हाती परत दिला आणि वर म्हणाले, "चांगलं हाये पन." तीच ती भीड.

मोबाईलवर शेतीची नोंद ही गोष्ट आता आपल्या जिल्ह्यास नवी राहिलेली नाही. तिचा फार मोठा प्रयोग आपण सर्वांनी ई-पीक पाहणीच्या रूपाने अनुभवलेला आहे. सातबाराच्या उताऱ्यातील गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा, तर गाव नमुना बारा हा पिकाचा. पीक कोणते, किती क्षेत्रावर, पाणी कशाचे, हे तलाठ्याने शिवारात फिरून लिहावे, असा पूर्वापार दंडक. परंतु एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, आणि शिवार तर कोसभर पसरलेले. त्यामुळे रकान्यातील पीक व रानातील पीक यांची गाठ पडेलच याची शाश्वती नसे. महसूल आणि कृषी या दोन विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने यासाठी ॲप करविले, ते आधी निवडक तालुक्यांत प्रायोगिक तत्त्वावर वापरून पाहिले आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केले. आपल्या पिकाचा पेरा आपणच नोंदवावयाचा, हे त्यामागचे सूत्र.

यात पणाला लागलेले असते ते काय, हे शेतकरी घरांस सांगावयास नको. पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई, आधारभूत किमतीने खरेदी, पीककर्ज, या साऱ्या वाटा त्या बाराव्या नमुन्यातील एका ओळीवरून जातात. वैशाखात अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला घटमांडणीचे भाकीत ऐकण्यास गर्दी लोटते. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न, परंतु श्रावण-भाद्रपदात उगवून आलेले पीक नोंदविले नाही, तर शासनदरबारी ते उगवलेच नाही असे ठरण्याची भीती असते. खरिपाच्या नोंदणीस ऑगस्टच्या आरंभी सुरुवात होते आणि ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तरी चालते. म्हणजे पोळा बहुधा त्या काळातच येतो.

प्रयोग निवडक तालुक्यांत यशस्वी होणे आणि ते साधन घाटावर व घाटाखाली, मेहकरच्या माळावर व पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जेथे फोनला रेंज शोधीत बांधावर चढावे लागते तेथे चालणे, यांत अंतर असते. चांगली गोष्ट अशी, की या ॲपच्या कर्त्यांनी पहिल्या वर्षाच्या अनुभवाकडे पाठ फिरविली नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरी आवृत्ती आली, तीत वापरणाऱ्यांचे हात स्पष्ट दिसतात. छायाचित्र काढताना आपण गटापासून किती दूर उभे आहोत, हे फोनच सांगू लागला. भरलेली माहिती चुकली, तर शेतकऱ्याला ती ४८ तासांच्या आत एकदा स्वतःच दुरुस्त करता येऊ लागली. मिश्र पिकात एका मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके लिहिण्याची सोय झाली. सोयाबीनमध्ये तूर आणि कपाशीत मूग घेणाऱ्या आपल्या वऱ्हाडास तिचे मोल विशेष. शेतकऱ्याची नोंद ग्राह्य धरून तलाठ्याने दहा टक्क्यांची पडताळणी करावी, असेही ठरले. सुरुवातीस एका मोबाईलवरून वीस खातेदारांची नोंदणी करण्याची मुभा होती. घरोघरी असा फोन नसतो हे कोणीतरी गावात पाहिले असणार, त्यावाचून ती सुचली नसती. आणि एवढे होऊनही मुदतीच्या अखेरच्या दिवसांत यंत्रणेवर ताण येतो व मुदतवाढ द्यावी लागते, हे आपण पाहतोच.

जेथे वापरणाऱ्याला आधी विचारले गेले नाही, तेथे काय घडते? दूर जावयास नको. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ साली अंगणवाडी सेविकांच्या हाती आले. ते इंग्रजीत होते. मराठीतून शिकलेल्या, वीस-वीस वर्षे गावातील बालकांची वजने वहीत नीट लिहिणाऱ्या या बाया. त्यांना बालकाचे नावसुद्धा इंग्रजी अक्षरांत भरणे आले. दिलेल्या फोनांची स्मरणशक्तीही तोकडी होती, ते अडकत, तापत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हजारो मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले, आणि मराठी ॲपची मागणी उच्च न्यायालयापर्यंत गेली. सेविकांना काम नको आहे, असा त्याचा अर्थ त्या वेळी काहींनी काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. दहा सेविकांना एका झाडाखाली बसवून एक दुपार ते ॲप त्यांच्या हाती दिले असते, तर भाषेचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पुढे आला असता.

उलट, रंगीत तालीम करूनही नेमके काय निसटते, याचे उदाहरण करोनाच्या लसीकरणाचे. को-विन या प्रणालीची तालीम महाराष्ट्रात २ जानेवारी २०२१ रोजी पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात झाली. प्रत्येक केंद्रावर पंचवीस माणसे. नाव नोंदणे, संदेश येणे, ओळख पटविणे, लस दिल्यानंतर बसवून ठेवणे, सारे खरेखुरे, फक्त सुईत लस नाही. ८ जानेवारीस देशभरच्या जिल्ह्यांत दुसरी तालीम झाली. १६ जानेवारीला प्रत्यक्ष आरंभ झाला, आणि प्रणालीतील अडचणींमुळे राज्याला १७ व १८ जानेवारीचे लसीकरण थांबवावे लागले. पंचवीस माणसांनी रांग कशी लावावी हे कळते. लक्षावधी नावे एकाच वेळी आत शिरली म्हणजे काय होते, ते पंचवीसांवरून कळत नाही. म्हणून तालीम व्यर्थ होती असे नव्हे. तालमीशिवाय ते दोन दिवस किती वाढले असते, याचा अंदाज अमेरिकेच्या उदाहरणावरून करता येतो. तेथील शासनाची आरोग्य विम्याची मोठी संगणकीय व्यवस्था १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुली झाली. तिची आरंभापासून अंतापर्यंत तपासणी जेमतेम शेवटच्या दोन आठवड्यांत झाली होती, आणि पहिल्या दिवशी उभ्या देशातून अवघ्या सहा जणांची नोंद पूर्ण होऊ शकली.

आपल्या वारकरी घरांस जवळचे उदाहरण पंढरपूरचे. दर्शनरांगेत ताटकळणाऱ्या भाविकांसाठी टोकन देण्याची जी प्रणाली योजिली गेली, तिची पहिली चाचणी आषाढीच्या ऐन गर्दीत न करता, २०२५ च्या जून महिन्यात, यात्रेआधी मोजक्या भाविकांवर घेण्यात आली. हे मला फार शहाणपणाचे वाटले.

परतून ओट्यावर येऊ. दुपारी पुरणपोळीचे जेवण झाले. बैलांना झुली चढल्या, शिंगांना बेगड लागले, आणि चार वाजता सारा गाव मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली जमला. झडत्यांचा गलका सुरू झाला, तेव्हा पुतण्या गर्दीत नव्हता. तो देवळाच्या पाराच्या कडेला आबांजवळ वही घेऊन बसला होता. आबा बैलांवरची नजर न काढता त्याला सांगत होते, की रब्बीत वीज रात्रीची येते, मग रात्रभर पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काम धरले तरी तो पूर्ण रोज. की लग्नसराईत घेतलेली उचल सालातून फिटते पण पोळ्याचा बोजारा फिटीत धरायचा नसतो, तो मानाचा. की पावसाने काम मोडले तर सालदाराचा खाडा नाही, मात्र रोजंदारीच्या बाईचा रोज बुडतो, आणि तो बुडू नये असे त्यांना वाटते. पुतण्या लिहीत होता. या सगळ्यासाठी त्याच्या ॲपमध्ये एकही रकाना नव्हता.

रात्री मित्रांशी त्याचे फोनवर बरेच बोलणे झाले. आवाज चढले. निमंत्रणे गेली आहेत, मुहूर्त ठरला आहे, दुरुस्त्या मागाहून करता येतील, असे पलीकडचे म्हणणे असावे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. तरुण मुलांचा पैसा अडकला होता, आणि चांगल्या दिवशी आरंभ करावा ही भावना आपणा सर्वांचीच. आमचे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, माजघरातून एवढेच म्हणाले, की मुहूर्त दसऱ्याचाही चांगला असतो, साडेतीनांतला आहे.

चतुर्थीला गणपती बसले. ॲप बसले नाही. पुतण्याने त्या दिवशी पुण्याच्या खोलीत मूर्तीपुढे संगणक ठेवून नुसती पूजा केली, असे त्याने कळविले. पितृपंधरवड्यात तो पुन्हा एकदा गावी येऊन गेला, या वेळी घाटाखाली नांदुऱ्याकडच्या आमच्या एका आप्तांकडेही जाऊन आला; तेथल्या पाच जणांनी म्हणे आणखी सात चुका दाखविल्या.

दसऱ्याच्या दिवशी सोने वाटून झाल्यावर त्याने नवा पडदा आबांपुढे धरला. एकर-गुंठे वर होते, हेक्टर खाली लहान अक्षरांत. हजेरीत पूर्ण, अर्धा आणि रात्रपाळी असे तीन ठसे होते, शब्दांऐवजी सूर्याची नि चंद्राची चित्रे. आबांनी आधी बोटांच्या पेरांवर मोजले, मग सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसून तीकडे पाहिले.

"बसलं आता," ते म्हणाले, आणि आपट्याची पाने टोपीत खोवून गोठ्याकडे गेले.

सौभाग्यवतींनी मात्र फोन हाती घेऊन अक्षरे अजून बारीक आहेत असे सांगितले. या वेळी त्यांनी 'छान आहे' म्हटले नाही.